उंची कुठे मोजायची?

दर सप्टेंबरात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ३२ क्लबांची सराव शिबिरं सुरू होतात आणि बहुतेक शिबिरांत एक तरी असा मुलगा असतोच. वय अठरा ते वीस. उंची पाच फूट सात, आठ, फार तर नऊ इंच. ज्युनियर लीगमध्ये किंवा कॉलेजात त्याने गोलांचा पाऊस पाडलेला असतो. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, त्याच्या काठीला चिकटून राहते. सरावसामन्यात तो दोघातिघांना चकवून आत घुसतो आणि प्रेक्षक उठून उभे राहतात. पुढच्याच मिनिटाला साडेसहा फुटांचा बचावपटू त्याला कोपऱ्यात कठड्यावर दाबून धरतो आणि तेच प्रेक्षक चुपचाप खाली बसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्लबला जास्तीत जास्त २३ जणांची यादी द्यायची असते. त्यात या मुलाचं नाव घालायचं की आणखी एक वर्ष त्याला खाली ठेवायचं? सगळे एकच विचारतात: हा तयार आहे का?

हा प्रश्न मुलाला विचारला जातो, पण त्याचं निम्मं उत्तर क्लबकडे असतं. लहान चणीच्या कसबी खेळाडूला वर घ्यायचं, तर त्याच्या कसबाला साजेशी जागा देऊन घ्यावं. तशी जागा नसेल, तर खालच्या लीगमध्ये त्याला भरपूर खेळू द्यावं. क्लब मात्र सर्रास मधली वाट धरतात. वर घ्यायचं, शेवटच्या फळीत सात-आठ मिनिटं खेळवायचं आणि गोल होत नाहीत म्हणून मान हलवायची. या वाटेने क्लबला त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही, आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो. मला ही निव्वळ नासाडी वाटते.

मराठी वाचकाला लहान चणीचा वाद नवा नाही. गावस्कर आणि तेंडुलकर दोघेही साडेपाच फुटांच्या आसपासचे. १९८९ साली सोळा वर्षांचा सचिन पाकिस्तानात पहिली कसोटी मालिका खेळला, सियालकोटला वकार युनूसचा चेंडू त्याच्या नाकावर बसला आणि रक्त पुसून तो खेळत राहिला, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. त्यामुळे ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ म्हणून आपण मोकळे होतो. इथे ती म्हण पुरत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकतो, स्वतःचं अंग टाकत नाही. आपल्या मैदानी हॉकीतही शरीर मध्ये घालून प्रतिस्पर्ध्याला अडवणं हा फाउल आहे. आइस हॉकीत पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं, ते शिकवलं जातं आणि त्याचं कौतुकही होतं. तिथे वजन हा खेळाचाच भाग आहे. जे म्हणतात की उंचीला काही अर्थ नाही, हिंमत असली की झालं, ते त्या मुलाचे हितचिंतक असतीलही, पण ते त्याला खरं सांगत नाहीत.

बर्फावर जागाही कमी असते. युरोपात परंपरेने रिंक ३० मीटर रुंद असे. एनएचएलचं रिंक ८५ फूट, म्हणजे २६ मीटर रुंद आहे. त्या चार मीटरांत छोट्या खेळाडूचं बरंचसं आयुष्य असतं. कठड्यापासून आत यायला मोठ्या रिंकवर जो अर्धा सेकंद मिळतो, तो इथे मिळत नाही. वर मोसमाचे ऐंशीहून अधिक सामने, ऑक्टोबर ते एप्रिल, दर दोन-तीन दिवसांनी नवं शहर. कॉलेजात साधारण ३५ ते ४० सामने, तेही बहुतेक शनिवार-रविवारच्या आगेमागे.

आता फळ्यांचा हिशेब पाहू. सामन्याला बारा आघाडीवीर उतरतात, तिघा-तिघांच्या चार फळ्या. पहिल्या दोन फळ्यांनी गोल करायचे. खालच्या दोघींनी समोरच्यांना रोखायचं, धडका द्यायच्या, पक खोलवर टाकून त्याच्यामागे धावायचं. सहा फूट तीन इंचाचा मुलगा वरच्या फळीत चालला नाही, तर त्याला खाली काम मिळतं. तिथे तो दहा वर्षं पोट भरू शकतो. पाच फूट आठ इंचाच्या मुलाला ती सोय नसते. त्याच्यासाठी पहिल्या सहांतली जागा आहे, किंवा काहीच नाही. म्हणून उंच मुलाला ‘तयार’ ठरवायला जे माप चालतं, ते याला लावता येत नाही. उंच मुलगा अर्धा तयार असला तरी उपयोगी पडतो. छोटा मुलगा अर्धा तयार असला, तर प्रशिक्षकाला त्याचं काय करावं हेच कळत नाही.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा कोल कॉफील्ड याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. २०१८-१९च्या मोसमात अमेरिकेच्या १८ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाकडून त्याने ७२ गोल केले. त्याच वयोगटाच्या जागतिक स्पर्धेत सात सामन्यांत १४ गोल करून त्याने रशियाच्या अलेक्झांडर ओवेचकिनच्या विक्रमाची बरोबरी केली. तरीही २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, तो पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. उंची साडेपाच फुटांहून जेमतेम काही इंच अधिक, दुसरं कारण नव्हतं. मग विस्कॉन्सिन विद्यापीठात दोन वर्षं, २०२१ साली कॉलेज हॉकीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून होबी बेकर पुरस्कार, आणि त्याच वसंतात मॉन्ट्रियल अंतिम फेरीपर्यंत गेलं तेव्हा प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे, २० सामने. पहिल्या दोन सामन्यांत मात्र त्याला बाहेर बसवलं होतं.

पुढच्या मोसमात तो पक्का झाला असं सगळे धरून चालले. झालं उलटंच. पहिल्या ३० सामन्यांत त्याचा एक गोल. नोव्हेंबरात त्याला लावालच्या संघाकडे खालच्या लीगमध्ये पाठवलं, मग परत आणलं, फळ्या बदलल्या, तरी काही जमेना. ‘आम्ही म्हटलंच होतं’ असं म्हणणाऱ्यांना त्या हिवाळ्यात चांगले दिवस आले. ९ फेब्रुवारी २०२२ला क्लबने प्रशिक्षक दोमिनिक दुशार्म यांना काढलं आणि त्यांच्या जागी मार्टिन सॅन लुई आले. तोवर ते आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांना शिकवत होते. व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक ते कधीच नव्हते. त्यांनी कॉफील्डला पुन्हा संघाच्या आघाडीच्या निक सुझुकीच्या शेजारी, वरच्या फळीत ठेवलं. उरलेल्या ३७ सामन्यांत कॉफील्डने २२ गोल केले.

तोच मुलगा, तीच उंची, तेच वर्ष. जानेवारीत तो तयार नव्हता आणि मार्चमध्ये तयार झाला, असं म्हणायचं का? दीड महिन्यात कुणाची हाडं वाढत नाहीत. यात नशिबाचाही भाग असणार, हे मान्य. आधी आत न जाणारे फटके नंतर जाऊ लागतात, नेमबाजांच्या बाबतीत असं होतंच. नव्या प्रशिक्षकामुळे मोकळी झालेली हवाही असेल. पण पुढच्या मोसमात, खांद्याची शस्त्रक्रिया होण्याआधी, त्याने ४६ सामन्यांत २६ गोल केले, आणि २०२४-२५मध्ये ३७. चार मोसम टिकलेल्या गोष्टीला नशीब म्हणता येत नाही. त्या पहिल्या ३० सामन्यांनी मॉन्ट्रियलबद्दल बरंच सांगितलं, कॉफील्डबद्दल फार थोडं.

सॅन लुईंना हे दिसलं, कारण ते स्वतः त्यातून गेले होते. लावालचेच ते, पाच फूट आठ इंच. व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षं गाजवूनही एकाही क्लबने त्यांना ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. कॅलगरीने करार केला, पण कामं दिली रोखण्याची आणि धावपळीची. तिथल्या ६९ सामन्यांत त्यांचे गोल चार. २००० साली कॅलगरीने त्यांना सोडलं. त्याच उन्हाळ्यात कोलंबस आणि मिनेसोटा असे दोन नवे क्लब खेळाडू गोळा करत होते. त्यांनीही सॅन लुईंना घेतलं नाही. शेवटी टँपा बेने घेतलं. चार वर्षांनी, २००३-०४मध्ये, ते ९४ गुणांसह (गोल आणि असिस्ट मिळून) सगळ्या लीगमध्ये पहिले आले, सर्वोत्तम खेळाडू ठरले, आणि स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत समोर कॅलगरीच उभं राहिलं. सहाव्या सामन्यात, कॅलगरीच्या घरच्या बर्फावर, दुसऱ्या जादा वेळेत विजयी गोल सॅन लुईंचा होता. सातवा सामना जिंकून कप टँपाकडे गेला. २०१३ साली, ३७व्या वर्षी, ते पुन्हा गुणांत पहिले आले.

या गोष्टी सांगून मी सगळ्याच छोट्या खेळाडूंचं वकीलपत्र घेत नाही. उलटी उदाहरणं ढीगभर आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. कोरी लॉक हे नाव आज फार कुणाला आठवणार नाही. ओटावा सिक्स्टी-सेव्हन्स या ज्युनियर संघाकडून खेळताना ओंटारियो लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो दोनदा ठरला. मॉन्ट्रियलनेच त्याला ड्राफ्ट केलं होतं. २०१०-११मध्ये अमेरिकन हॉकी लीगचाही सर्वोत्तम खेळाडू तोच. ही लीग एनएचएलच्या एकच पायरी खाली आहे. एवढं करून एनएचएलमध्ये त्याच्या नावावर नऊ सामने आहेत. गुण पाहिले तर तो दहा वेळा तयार होता.

म्हणून गुणांवरून ठरवू नये. पाहायचं वेगळंच असतं. कोपऱ्यात पक पडला आहे, मुलगा त्याच्याकडे जातो आहे, पाठीमागून वजनदार बचावपटू येतो आहे. ते तीन सेकंद पाहावेत. पकला हात लावण्याआधी त्याने मान वळवून मागे पाहिलं का? एकदा की दोनदा? पाठ सरळ कठड्याकडे ठेवली की कंबर वळवून धक्का तिरका घेतला? एका बाजूला झुकून दुसऱ्या बाजूने निसटला का? आणि निसटल्यावर पुन्हा कठड्याच्याच कडेकडेने पळाला, की गोलासमोरच्या गर्दीत आत शिरला? ज्युनियर लीगमध्ये बाहेरून वळसा घालून गोल करता येतात, कारण तिथले बचावपटू शाळकरी वयाचे असतात. एनएचएलमध्ये बाहेरची जागा फुकट मिळते, आतली मिळत नाही. आत शिरण्याची सवय आणि तिथून पक घेऊन बाहेर पडण्याची युक्ती, ही दोन कसबं असतील तर उंची मोजायचं कारण नाही. नसतील तर ७२ गोलही पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट, त्याचा पक गेल्यावर तो काय करतो. छोट्या खेळाडूला धडक देऊन पक परत मिळवता येत नाही. तो काठीने, मागून, वाट आधीच ओळखून हिसकावावा लागतो. ज्याला हे येतं त्याच्यावर प्रशिक्षक शेवटच्या मिनिटातही भरवसा ठेवतो. येत नसेल, तर त्याला फक्त पॉवर प्लेपुरता, समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बसलेला असतानाच, बर्फावर सोडतात. एवढ्यावर कुणी आठवड्यातून तीन सामने खेळत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात भारी आक्षेप ब्रॅड मार्शँड आहे. पाच फूट नऊ इंच, २००६च्या ड्राफ्टमध्ये ७१वा. बोस्टनकडून पहिल्या २० सामन्यांत गोल शून्य. पुढच्या मोसमाची सुरुवात त्याने चौथ्या फळीतच केली, तिथून वरच्या फळीतल्या पॅट्रिस बर्जरॉनच्या शेजारी पोहोचला आणि २०११च्या प्लेऑफमध्ये ११ गोल करून स्टॅनले कप जिंकला. मग चौथ्या फळीने तो बिघडला कसा नाही? कारण त्याच्याकडे दुसरा धंदा होता. समोरच्याला डिवचणं, एक गडी कमी असताना बचाव करणं, अंगावर जाणं, हे सगळं त्याला येत होतं आणि आवडत होतं. चौथ्या फळीतही त्याला त्याचंच काम मिळालं. असा दुसरा धंदा असलेला छोटा खेळाडू खालून वर चढू शकतो. पण तो विरळा, आणि कॉफील्डसारख्या नेमबाजाला ‘मार्शँड बघ’ असं सांगणं म्हणजे गायकाला आधी तबला वाजवून दाखव म्हणण्यासारखं आहे.

मधली वाट क्लब का धरतात, याला नियमांतली कारणंही आहेत. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी तो इतर सगळ्या क्लबांपुढे ठेवावा लागतो आणि कुणीही त्याला उचलू शकतं. कोवळ्या खेळाडूला पहिली काही वर्षं ही अट नसते. म्हणून जागा कमी पडली की गुणवत्ता न पाहता तोच खाली जातो आणि कुणी दुखावलं की तोच वर येतो, मिळेल त्या फळीत. कॅनडाच्या मुख्य ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. वर्षानुवर्षं चालत आलेल्या करारामुळे तो मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत अमेरिकन हॉकी लीगमध्ये जाऊ शकत नसे. एनएचएल, नाहीतर परत आपल्या वयाच्या पोरांत. आणि दहाव्या सामन्याला त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं, म्हणून नऊ सामन्यांवर निकाल द्यायची घाई. नऊ सामन्यांत एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल काय कळणार?

गाजलेले बरेचसे छोटे खेळाडू कॉलेजमार्गे आले, हा मला योगायोग वाटत नाही. सॅन लुई चार वर्षं, बोस्टन कॉलेजचा जॉनी गॉड्रो तीन, कॉफील्ड दोन. आठवड्यात दोन सामने आणि मधले दिवस व्यायामशाळेत. मांड्या आणि कंबर मजबूत करायला वेळ मिळतो, आणि परत पाठवतील ही टांगती तलवार नसते. कॉलेजबाहेरही असा वेळ देता येतो. ज्युनियरमधून आलेल्या लोगन स्टँकोव्हेनला डॅलसने अमेरिकन हॉकी लीगमधल्या टेक्सास संघात ४७ सामने नीट खेळवलं. तो गुणांत अव्वल होता तेव्हा, फेब्रुवारी २०२४मध्ये, वर बोलावलं आणि आल्याआल्या उपयोगी फळीत ठेवलं. पहिल्या २४ सामन्यांत त्याने १४ गुण मिळवले. पाच फूट आठ इंचाचा तो मुलगा त्या वर्षी थांबला म्हणून काही हरला नाही.

एका बाबतीत सावध लोकांचं म्हणणं मी खाली मान घालून ऐकतो. दुखापत. पॉल करिया हा आपल्या काळातल्या सगळ्यात देखण्या खेळाडूंपैकी एक, सहा फुटांच्या आतला. १९९८च्या हिवाळ्यात गॅरी सूटरच्या काठीचा फटका त्याच्या जबड्यावर बसला आणि नागानो ऑलिंपिक हुकलं. मेंदूला बसलेल्या अशा धक्क्यांनीच पुढे त्याची कारकीर्द संपवली. उंच खेळाडूचा खांदा आणि छोट्या खेळाडूचं डोकं बरेचदा एकाच पातळीवर येतात, हे साधं भूमितीचं सत्य आहे. २००५-०६पासून पंच ओढाओढी आणि अडवणुकीवर कडक झाले, २०१०नंतर डोक्यावरच्या धडकांवर नियम आला, त्यामुळे छोट्यांचे दिवस सुधारले. पण प्लेऑफ सुरू झाले की शिट्टी कमी वाजते. २०२५च्या वसंतात मॉन्ट्रियलला वॉशिंग्टनने पहिल्याच फेरीत पाच सामन्यांत बाहेर काढलं. टॉम विल्सनसारख्या वजनदार खेळाडूंनी त्यांना कसं वागवलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना छोट्यांचा संघ बांधण्याची काळजी वाटणं रास्त आहे. एका संघात असे किती खेळाडू परवडतात, याला मर्यादा आहे. ती मर्यादा ठरवणं क्लबचं काम. तिचा दंड एकट्या मुलाने का भरावा?

त्याच मॉन्ट्रियल संघात तेव्हा लेन हटसन होता. पाच फूट नऊ इंच आणि चक्क बचावपटू, म्हणजे उंचीचा सगळ्यात मोठा हट्ट जिथे धरतात ती जागा. २०२२च्या ड्राफ्टमध्ये तो ६२वा होता. दोन वर्षं तो बोस्टन विद्यापीठात खेळला, २०२४च्या एप्रिलात दोन सामन्यांपुरता वर आला आणि त्या शरदात पक्का झाला. सॅन लुईंनी त्याला सुरुवातीपासून भरपूर मिनिटं दिली, पॉवर प्ले दिला, आणि तो चुकला तेव्हाही बर्फावर ठेवला. सगळे ८२ सामने खेळून त्याने ६६ गुण मिळवले. त्यातले ६० असिस्ट, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, नवख्या बचावपटूसाठी लॅरी मर्फीने १९८०-८१मध्ये केलेल्या विक्रमाच्या बरोबरीचे. वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून काल्डर ट्रॉफी त्याला मिळाली. कठड्याजवळ तो पकला हात लावण्याआधी किती वेळा मान वळवतो, ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे.

तेव्हा पुढच्या सप्टेंबरात असा मुलगा दिसेल, आणि दिसेलच, तेव्हा त्याच्या नावापुढचे फूट-इंच वाचून थांबू नका. कोपऱ्यातले ते तीन सेकंद पाहा. मग प्रशिक्षकाने त्याला कुणाच्या शेजारी ठेवलं आहे आणि किती मिनिटं दिली आहेत, ते पाहा. ती जागा खरी असेल, तर त्याला निदान तीस-चाळीस सामने मिळू द्या. खरी नसेल, तर त्याला खाली जाऊन खेळू द्या.